परमिट रूममध्ये नशेचा संशय आला तर नवीन मॅनेजरनं काय करायचं

कोल्हापुरात परमिट रूम नवीन चालवायला घेतलेल्या, किंवा मालकानं "आजपास्नं काउंटर तू बघ" म्हणून गल्ल्यावर बसवलेल्या लोकांसाठी हे लिहितोय. दारू पिऊन दंगा करणारं गिऱ्हाईक कसं सांभाळायचं ते शिकवावं लागत नाही, जुने वेटरच शिकवतात. पण टेबलावरचा माणूस दारूशिवाय अजून काहीतरी घेतोय, किंवा टॉयलेटमध्ये काहीतरी चाललंय असं वाटलं की भल्याभल्यांची तंतरते. मग एकतर दिसलंच नाही असं दाखवून बिलं फाडत बसायचं, नाहीतर चार पोरं घेऊन जाऊन डायरेक्ट कॉलर धरायची. दोन्ही अंगाशी येतं.

"आपल्याकडं असलं काय नसतंय, ते मुंबई-पुण्याचं" असं म्हणणारे मालक अजून भेटतात. २०२१ च्या नोव्हेंबरात मुंबई पोलिसांनी चंदगड तालुक्यात ढोलगरवाडीला फार्महाऊसवर धाड टाकली, तिथं एमडी, म्हणजे मेफेड्रोन नावाची नशेची पावडर, बनवत होते. २०२४ च्या मार्चमध्ये शेजारी कवठेमहांकाळ तालुक्यात इरळीला तोच प्रकार. त्याच वर्षी जूनमध्ये पुण्यात एफसी रोडवरच्या एका बारच्या टॉयलेटमधला व्हिडिओ फिरला, आणि दुसऱ्या दिवसापासून नशा करणाऱ्या पोरांच्या आधी बार चालवणाऱ्यांचीच धरपकड चालू झाली. ही शेवटची बातमी आपल्या कामाची आहे, बाकीच्या नुसत्या माहितीसाठी.

असं का होतं ते कायद्यात बघा. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा, १९८५ चा, त्याचं कलम २५. जागेचा मालक असो, भाडेकरू असो, नाहीतर जागा ज्याच्या ताब्यात आहे तो माणूस असो, त्यानं माहीत असून ती जागा अशा गुन्ह्यासाठी वापरू दिली तर मूळ गुन्ह्याला जी शिक्षा तीच त्याला. "ताब्यात आहे तो" म्हणजे मालक गोव्याला गेलेला असताना गल्ल्यावर बसलेले तुम्ही, हे नवीन मॅनेजरच्या डोक्यात येतच नाही. आणि सगळा खेळ "माहीत असून" ह्या दोन शब्दांवर आहे. संशय येणं हा काय गुन्हा नाही. कळल्यावर गप बसलात, आणि गप बसलात हे उद्या वेटरच्या जबाबातनं किंवा कॅमेऱ्यातनं बाहेर आलं, तर अवघड.

पण ह्याचा अर्थ तुम्ही जासूस व्हायचं असाही नाही. कोण काय घेतोय ते सिद्ध करणं पोलिसांचं आणि लॅबचं काम. आपण तीनच गोष्टी बघायच्या, माणूस धोक्यात आहे का, आपल्या छताखाली हे चालणार नाही हे त्याला कळलं का, आणि आपण काय केलं ते लिहून ठेवलं का. एवढं धरून पुढचं वाचा.

नजर कशी तयार करायची

केस वाढवलेला, कानात बाळी, हातभर टॅटू असला पोरगा आला की वेटर एकमेकांना डोळा मारतात. ते आधी बंद करा. तोंडावरनं काय कळत नाही, इस्त्रीचा शर्ट आणि गळ्यात कंपनीचं आयकार्ड घातलेले पण असतात. टेबल कसं वागतंय ते बघा. चार जण बसलेत, दोन तास झाले, एकच क्वार्टर, चखण्याला हात नाही, जेवणाचं नावच नाही, नुसत्या पाण्याच्या बाटल्यांवर बाटल्या मागवतायत आणि तोंड काय बंद होत नाही. दर वीस मिनिटांनी दोघं दोघं मिळून टॉयलेटला जातात, आणि पुरुष लोक जोडीनं टॉयलेटला कशाला जातील हा साधा प्रश्न आहे. किंवा तिसऱ्याच टेबलावरचा माणूस ओळख नसताना येऊन अर्धा मिनिट हात मिळवून जातो, पुन्हा दुसऱ्या दिवशी तोच, तसाच, वेगळ्या टेबलावर.

अंगावरची लक्षणं म्हणाल तर एमडीसारख्या प्रकारात माणूस घामाघूम, डोळ्याच्या बाहुल्या मोठ्या, जबडा सारखा हलतोय, दात खातोय. गांजात डोळे लाल आणि सगळं संथ, वर भूक लागते, म्हणजे चखण्याची प्लेट चाटूनपुसून. झोपेच्या गोळ्यांवर दारू घेतली की दोन पेगात माणूस आडवा, आणि नेहमीचा वेटर सांगतो "मालक, ह्यो तर सहा मारून गाडी चालवत जातोय, आज काय झालं". हे वेटरचं वाक्य सोन्यासारखं आहे, कारण नेहमीच्या माणसाचं नेहमीचं वागणं त्यालाच माहीत असतं. इकडं इचलकरंजी-सांगलीकडं इंजेक्शनचं पण खूळ आलंय. बीपी वाढवायचं औषध, ऑपरेशनच्या वेळी वापरतात ते, जिममधली पोरं मारून घेतात. टॉयलेटात काचेची बारकी बाटली किंवा सुईचं टोपण सापडलं तर ते नुसता कचरा म्हणून झाडून टाकू नका.

आता उलट बाजू पण सांगतो, कारण नवीन माणूस हे वाचून सगळ्यांवरच संशय घ्यायला लागतो. कोल्हापुरात खिशातनं बारकी पुडी काढणारा माणूस म्हणजे बहुतेक वेळा मावा, नाहीतर तंबाखू-चुना. प्लॅस्टिकचा कागद, त्याला रबर, तळहातावर घोळवत घोळवत गप्पा मारत बसलेला असतो, लपवायचं काय कारणच नाही त्याला. जो पुडी टेबलाखाली उघडतो आणि वेटर आला की मूठ मिटतो, तो वेगळा. आमच्याकडं एकदा एक वयस्कर गृहस्थ बेसिनपाशी शर्ट वर करून पोटात सुई टोचत होते, आमचा नवीन पोरगा धापा टाकत काउंटरला, "मालक इंजेक्शन, इंजेक्शन!" जाऊन बघतो तर जेवणाआधीचं इन्सुलिन. शांतपणे पेनचं टोपण लावलं, खिशात घातलं आणि मला म्हणाले, "थाळी लावा, पांढरा जरा जास्त." अशा माणसाची कॉलर धरली असती तर? शुगर कमी झालेला माणूस पण घामेजतो, असंबद्ध बोलतो, हात थरथरतात. फिट येऊन गेलेला माणूस गोंधळलेला असतो. म्हणून तोंडातनं "ड्रग्ज" हा शब्द काढायचाच नाही, गिऱ्हाईकासमोर तर नाहीच नाही.

टॉयलेट

ह्या सगळ्या भानगडीतलं बहुतेक टॉयलेटमध्येच होतं, त्यामुळं पैसे घालायचे तर तिथं घाला. लाईट लख्ख पाहिजे, तो पिवळा मंद बल्ब काढा. फ्लशच्या टाकीवर, बेसिनशेजारी सपाट कट्टा असेल तर तो जमेल तिथं काढून टाका किंवा उतरता करून घ्या, आणि तोवर त्याच्यावर दिवसातनं दोनदा खोबरेल तेलाचा हात फिरवा, पावडर तेलात चिकटून बसली की कुणाच्या कामाची नाही. दाराला खाली वीतभर फट असू द्या, कुणी आत पडला तर पाय तरी दिसतात. कडी बाहेरनं नाण्यानं फिरवून उघडेल अशी बसवा.

आणि अर्ध्या-अर्ध्या तासाला एक पोरगा आत गेला पाहिजे, फिनेल मारायला, पाणी बघायला, कशाला का असेना. दाराच्या आतल्या बाजूला तक्ता, त्यावर वेळ आणि सही. ज्याला आत दहा मिनिटं निवांत बसायचंय त्याला सारखा कुणीतरी येतोय म्हटल्यावर तो जागा बदलतो. भांडण नाही, पोलिस नाही, काही नाही. माझ्या मते निम्मा प्रश्न एवढ्यावर मिटतो.

कॅमेरा टॉयलेटच्या आत लावायचा नाही, कुठलाही मालक काहीही म्हणाला तरी नाही, तो स्वतःच एक मोठा गुन्हा आहे. बाहेरच्या बोळात, दार दिसेल असा लावा. आणि डीव्हीआरमधलं रेकॉर्डिंग किती दिवसांनी पुसलं जातं ते आजच बघून घ्या, कारण पोलिस मागायला येतात तेव्हा ते नेमकं पुसलेलं असतं आणि मग संशय तुमच्यावर.

बोलायचं कसं

संशय पक्का वाटला तर वेटरला पाठवू नका. त्याची नोकरी टिपवर चालते, तो बिचारा तिथं काय बोलणार. कॅप्टननं किंवा तुम्ही स्वतः जायचं, आणि दुसरा एक माणूस चार पावलांवर उभा राहिला पाहिजे, बघायला, साक्षीला. बाउन्सर असेल तर त्याला दाराशीच ठेवा, टेबलाजवळ आला की विषय चिघळतो.

टेबलावर चारचौघात नाही, त्यातल्या शहाण्या वाटणाऱ्या एकाला बाजूला घ्यायचं. दर ग्रुपमध्ये एकजण असतोच, गाडी चालवणारा किंवा बिल देणारा. आवाज खाली ठेवून एवढंच म्हणायचं, "दादा, आत काय चाललंय ते मी विचारत नाही, पण हितं ते चालत नाही. बिल आणतो, आजच्या दिवस एवढंच." तो म्हणणार "काय चाललंय? दाखव की." तिथं वादात पडायचं नाही, पुन्हा तेच वाक्य. "मी काय म्हणतच नाही दादा, बिल आणतो." तीनदा तेच ऐकलं की माणूस कंटाळतो. ऑर्डर थांबवायची, नवीन पेग द्यायचा नाही, बिल ठेवायचं. बिल बुडालं तर बुडू दे, त्या दोन-अडीच हजारासाठी दारात मारामारी नको.

कॉलेजच्या पोरांचा ग्रुप असेल तर अजून सोपा रस्ता आहे. महाराष्ट्रात बिअरला २१ आणि बाकीच्या दारूला २५ वय लागतं, आधार कार्ड मागा. संशयाचा विषयच काढावा लागत नाही, निम्मे स्वतःच उठतात. खरं तर हे दारातच बघायला पाहिजे, पण सगळे बघतात असं कुठाय.

मग येतो तो "मला ओळखतोस का, मी अमक्या तालमीचा" म्हणणारा. त्याच्या पोरांसमोर त्याला कमीपणा आला की तो रात्री परत येणार, हे धरून चाला. "ओळखतो की दादा, म्हणून तर तुम्हाला सांगतोय, बाकीच्यांना मी सांगितलं नसतं" असं म्हणून त्याच्या अंगावर जबाबदारी टाका. दुसऱ्या दिवशी पेठेतल्या कुणा वडीलधाऱ्या माणसाच्या कानावर घाला. तालमीतली जुनी माणसं असल्या बाबतीत लई कडक असतात, पोलिसापेक्षा जास्त.

काय करायचं नाही ते पण सांगून ठेवतो. खिसे तपासायचे नाहीत, बॅग उघडायची नाही. झडती घ्यायचा अधिकार आपल्याला नाही, पोलिसांना सुद्धा अंगझडतीला नियम आहेत, राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर घ्या म्हणायचा हक्क त्या माणसाला असतो, आणि बाईची झडती बाईच घेते. खोलीत कोंडून ठेवायचं नाही, ते डांबून ठेवल्याचं प्रकरण होतं. मोबाईलवर शूटिंग करून ग्रुपवर टाकायचं तर अजिबात नाही, व्हिडिओ त्याचा असला तरी बोर्ड तुमचा दिसतो.

पुडी सापडली तर

झाडताना टेबलाखाली, टाकीमागं, सोफ्याच्या फटीत काहीतरी सापडतं. पोरगा काय करतो, उचलतो आणि काउंटरला आणून देतो, आणि मॅनेजर ते ड्रॉवरमध्ये टाकतो, "मालक आले की दाखवू". असं करू नका. कायद्यात ज्याच्याकडं सापडलं त्यानं आधी स्वतःचं निर्दोषपण दाखवायचं अशी स्थिती असते, आणि त्या घडीला ते तुमच्या ड्रॉवरमध्ये आहे. थोड्या मालाला कमी शिक्षा हे खरं, पण थोडं म्हणजे किती ते प्रत्येक वस्तूचं वेगळं आहे. गांजाला एक किलोपर्यंत थोडं धरतात, एमडीला फक्त दोन ग्रॅमपर्यंत. दोन ग्रॅम म्हणजे चिमूटभर. तुमच्या ड्रॉवरमधल्या पुडीत किती आहे ते तुम्हाला काय माहीत.

फ्लश पण करू नका, उद्या कुणी म्हणालं पुरावा नष्ट केला तर उत्तर नाही. हात न लावता तिथंच राहू दे, टॉयलेट असेल तर "बंद आहे" म्हणून कुलूप लावा, वेळ लिहा, कॅमेऱ्यातला त्या वेळचा भाग पेनड्राईव्हवर काढा आणि पोलिस स्टेशनला फोन करा. कुणी आधीच उचललेलं असेल तर कुणी, कुठनं, किती वाजता, कुठं ठेवलं ते तसंच्या तसं सांगा, स्टोरी बनवू नका.

माणूस पडला तर

इथं बाकी सगळं विसरायचं. पोलिस, लायसन, बिल, इज्जत, सगळं नंतर.

हाक मारा, खांदा हलवा. उत्तर नाही, श्वास घोरल्यासारखा किंवा लई थांबून थांबून येतोय, ओठ निळसर पडलेत, तर त्याच क्षणी १०८. बरोबरचे मित्र म्हणतात "काय नाही हो, झोपू दे, गाडीत टाकतो." गाडीत टाकू द्यायचा नाही. गोळ्यांवर दारू पडलेला माणूस झोपेतच श्वास सोडतो, आणि घोरतोय म्हणजे बरा आहे असं मित्रांना वाटत राहतं.

श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, वरचा गुडघा पुढं दुमडून, तोंड जरा खाली, म्हणजे उलटी झाली तर बाहेर येते. उताणा ठेवू नका. मिठाचं पाणी, लिंबू, ताक, कॉफी काहीही तोंडात घालायचं नाही, बोटं घालून उलटी काढायची नाही. आपल्याकडं हे प्रेमानं करतात आणि ते फुप्फुसात जातं. श्वासच बंद असेल तर छातीच्या मध्यावर दोन्ही हातांनी जोरात दाबत राहायचं, मिनिटाला शंभर-एकशेवीस, १०८ वरचा माणूस फोनवर सांगतो, फोन स्पीकरवर ठेवा. एमडी वगैरेमध्ये उलटं होतं, अंग तापतं, माणूस बडबडतो, पळतो, छातीत दुखतंय म्हणतो. त्याला धरून दाबू नका, एसी हॉलमध्ये किंवा बाहेर मोकळ्या हवेत न्या, जाड कपडे सैल करा, ओला टॉवेल मानेवर, गर्दी हटवा, आणि इथं पण १०८.

एकानं त्याच्याजवळ थांबायचं, एकानं रस्त्यावर जाऊन ॲम्ब्युलन्सला हात करायचा. आपल्या गल्ल्या त्यांना सापडत नाहीत, "दाभोळकर कॉर्नरच्या पुढं डाव्या हाताला" असली खूण द्या. टेबलावर गोळ्यांचं रिकामं पाकीट दिसलं तर ते ॲम्ब्युलन्सवाल्याकडं द्या. मित्रांना सांगा, काय घेतलंय ते डॉक्टरला खरं सांगा, डॉक्टरला उपचार करायचेत. सीपीआरला, म्हणजे आपल्या सरकारी दवाखान्यात, नेलं तरी आणि प्रायव्हेटला नेलं तरी एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद, हॉस्पिटल करतं, ते त्यांचं काम, त्याला घाबरून माणूस दारात सोडून पळून येऊ नका.

एक प्रकार पूर्ण वेगळा. फॅमिली सेक्शनमध्ये किंवा मिक्स ग्रुपमध्ये कुणीतरी दुसऱ्याच्या ग्लासात काहीतरी टाकताना दिसलं, किंवा एका ड्रिंकवर मुलगी एकदम सुन्न झाली आणि बरोबरचा माणूस "घरी सोडतो" म्हणून घाई करतोय. तिथं हळू आवाजात बाजूला घेणं वगैरे काही नाही. ग्लास उचलून काउंटरला झाकून ठेवा, तो न धुता, मुलीजवळ स्टाफमधली बाई किंवा शेजारच्या टेबलावरच्या वहिनींना बसवा, त्याच्याबरोबर पाठवू नका, ११२ ला फोन. गुंगीचं काही पाजणं भारतीय न्याय संहितेत कलम १२३ खाली येतं, दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

पोलिसांना सांगताना

नवीन माणसाला वाटतं फोन केला की आपलंच लायसन जाणार. लायसनवर बालंट येतं ते लपवल्यावर. तातडीचं असेल तर ११२, नाहीतर आपल्या हद्दीचं स्टेशन, शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, राजारामपुरी जे असेल ते. कुणी आपल्या जागेत येऊन विकतोय असं दिसत असेल तर स्थानिक गुन्हे अन्वेषण शाखा, आपण एलसीबी म्हणतो ती. नाव पुढं यायला नको असेल तर केंद्राची १९३३ ही मानस हेल्पलाईन आहे. माहिती कुणी दिली हे सांगायला एनडीपीएसमध्ये अधिकाऱ्याला भाग पाडता येत नाही, कलम ६८.

बोलताना डोळ्यांनी बघितलेलं आणि मनातलं वेगळं ठेवा. "काळा टीशर्ट, उंच, सव्वानऊला आला, तीन टेबलांवर गेला, गाडीचा नंबर हा" एवढं पुरे. "तो डीलर आहे" हे तुमचं मत, ते त्यांना ठरवू दे. फोन किती वाजता केला, कोण बोललं, ते लिहून ठेवा. त्यासाठी काउंटरला एक साधी शंभर पानी वही पाहिजे. तारीख, वेळ, टेबल, काय दिसलं, कोण बोललं, काय झालं, सही. बिनचूक मराठीत नसली तरी चालते, त्याच रात्री लिहिलेली पाहिजे. "माहीत असून गप बसला" ह्या आरोपाला तुमच्याकडं उत्तर म्हणून तेवढीच एक वस्तू असते.

आपलीच पोरं

हे शेवटी टाकलंय पण बघायचं आधी. गिऱ्हाईक बाहेरनं आणतं हे खरं, पण कधी कधी आतनं कुणीतरी सोय करत असतं. एखाद्या वेटरला एकाच टेबलावरनं बिलाच्या मानानं अवाच्या सव्वा टिप मिळते, तो ते टेबल दुसऱ्याला देत नाही, मध्येच पाच मिनिटं टपरीवर जाऊन येतो. तेव्हा ड्युटी बदला, त्याला किचनच्या बाजूला घ्या आणि काय होतं ते आठवडाभर बघा. पार्किंगवाला मामा पण ह्यात धरा, त्याच्याकडं गाड्यांच्या किल्ल्या असतात.

आणि कोण स्वतः अडकलेला असेल, रात्री दोनपर्यंत उभं राहून काम करणाऱ्यांत असतात असे, तर त्याला हाकलून लावायची घाई करू नका. तो शेजारच्या बारमध्ये लागतो, एवढंच होतं. १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाईन आहे, फुकट. स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला, सेवनाच्या किंवा थोड्या मालाच्या केसमध्ये, कलम ६४अ खाली खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं, उपचार पूर्ण केले तर. हे त्याला बसवून, मालकासमोर नाही, एकट्याला सांगा, आणि रजेचा पगार कापणार नाही हे मालकाकडनं आधी वदवून घ्या, नाहीतर तो पोरगा हो हो म्हणेल आणि जाणार नाही.